युद्धाचें पहिलें कारण

उद्योगपर्वाची कथा ज्यांनीं घरांत वडील माणसांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना दुर्योधनाचें उत्तर पुन्हां सांगावयास नको. पांच गांवांवर समेट करूं पाहणाऱ्या श्रीकृष्णास त्यानें बजावलें कीं, सुईच्या अग्रावर राहील एवढीहि भूमि युद्धावांचून मिळणार नाहीं. उत्तर अन्यायाचें होतें, उद्दामपणाचें होतें. परंतु तें अखेरपर्यंत बदललें नाहीं, एवढें त्याच्या पदरीं घातलें पाहिजे. राज्य सोडावयाचें नाहीं म्हणून तो लढावयास निघाला, आणि मांडी फुटून पडेपर्यंत राज्यासाठींच लढला. आपण प्रजेच्या सुखासाठीं किंवा पांडवांच्याच कल्याणासाठीं लढलों, असें त्यानें कधीं सांगितलें नाहीं.

आधुनिक काळच्या राज्यकर्त्यांस हा उघडेपणा परवडत नाहीं. त्यांना पैसा मिळवावयाचा असतो तो लोकप्रतिनिधींच्या मंजुरीनें, आणि शिपाई मिळवावयाचे असतात ते लोकांच्या घरांतून. दोन्ही ठिकाणीं 'हें कशासाठीं?' असा प्रश्न उभा राहतो. म्हणून तोफा बाहेर निघण्यापूर्वीं कारण बाहेर निघतें. तें छापलें जातें, वाचलें जातें, त्याच्यावर भाषणें होतात. यांत वाईट कांहीं नाहीं. राज्यकर्त्यास प्रजेपुढें कारण सांगावें लागणें ही सुधारणाच होय. वाईट आहे तें पुढचें. सांगितलेलें कारण खोटें ठरतें, किंवा युद्धास तोंड लागण्यापूर्वींच नाहींसें होतें. पण युद्ध मात्र थांबत नाहीं. जुन्या कारणाच्या जागीं नवें कारण येऊन बसतें, आणि जणूं पहिल्यापासून तेंच तेथें होतें असें सांगण्यांत येतें.

ही युक्ति जुनी आहे. तिचा एक पुरता धडा आपल्याच देशाच्या सरहद्दीपलीकडे, आपल्याच शिपायांच्या जिवावर व आपल्याच पैशानें गिरविला गेला. तो १८३८ ते १८४२ या काळांतील पहिल्या अफगाण युद्धाचा. म्हणून तोच प्रथम पाहूं.

सिमल्याचा जाहीरनामा

त्या वेळीं काबूलच्या गादीवर दोस्त महंमद खान होता. अफगाणांचें पेशावर १८३४ मध्यें रणजितसिंगाच्या सैन्यानें घेतलें होतें, व तें परत मिळावें ही त्याची मोठी इच्छा होती. सप्टेंबर १८३७ मध्यें व्यापाराचें बोलणें करण्याच्या निमित्तानें कंपनी सरकारचा वकील अलेक्झांडर बर्न्स काबुलांत दाखल झाला. पुढें नोव्हेंबरांत इराणच्या शहानें रशियाच्या उत्तेजनानें हेरातेस वेढा घातला, आणि रशिया याच वाटेनें हिंदुस्थानावर येतो कीं काय, या धास्तीनें लंडनच्या व कलकत्त्याच्या मुत्सद्द्यांची झोंप उडाली. बर्न्सचें मत स्पष्ट होतें: दोस्त महंमद कर्तबगार आहे, त्याला आपल्या बाजूस घ्यावें, आणि पेशावरविषयीं त्याची कांहीं तरी समजूत काढावी. पण रणजितसिंगास दुखवावयाचें नाहीं, असें गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यानें ठरविलें होतें. वकिलाजवळ देण्यासारखें कांहींच उरलें नाहीं. अखेर दोस्त महंमदानें निराश होऊन रशियाचा वकील व्हिट्केविच यास जवळ केलें, आणि एप्रिल १८३८ मध्यें बर्न्सनें काबूल सोडलें.

मग असें ठरलें कीं, दोस्त महंमदास काढावें, आणि लुधियान्यास कंपनीच्या वेतनावर अनेक वर्षें बसलेला पदच्युत शहा शुजा यास गादी द्यावी. १ ऑक्टोबर १८३८ रोजीं सिमल्याहून जाहीरनामा निघाला. त्यांत दिलेलीं कारणें थोडक्यांत अशीं होतीं: इराणनें हेरातेस घातलेला वेढा, आमचा जुना मित्र रणजितसिंग याजवर दोस्त महंमदानें विनाकारण केलेला हल्ला, आणि शहा शुजाची अफगाण लोकांतील लोकप्रियता. शहा आपल्याच फौजेसह स्वदेशीं जाईल, आणि त्याचें आसन स्थिर होतांच इंग्रज सैन्य परत येईल, असें अभिवचनहि त्यांत होतें.

दैवाची थट्टा अशी कीं, जाहीरनामा निघण्यापूर्वीं तीन आठवडे, ९ सप्टेंबरला, इराणच्या शहानें हेरातेचा वेढा उठविला होता. इंग्रजांनीं इराणी आखातांतील खर्ग बेट घेऊन त्याच्यावर दाब आणला होता, तो लागू पडला. ही बातमी सिमल्यास पोंचली तेव्हां जाहीरनाम्यांतील मुख्य कारण संपलेलें होतें, आणि सैन्य अद्याप काबूलपासून शेंकडों कोस दूर होतें. एका खलित्यानें तें आपापल्या छावण्यांस परतलें असतें. पण ८ नोव्हेंबरला ऑकलंडनें दुसरा हुकूम काढला: वेढा उठला ही समाधानाची गोष्ट आहे, तथापि मोहीम चालूच राहील, कारण अफगाणिस्तानच्या पूर्वभागांत शत्रूच्या जागीं मित्राची सत्ता बसविणें, आणि वायव्य सरहद्दीवर परचक्रास कायमचा बांध घालणें अवश्य आहे. फौजेची संख्या कांहीं कमी करण्यांत आली, एवढाच काय तो फरक. साप निघून गेला, पण भुई धोपटण्याचें काम तहकूब झालें नाहीं. भुईलाच आतां साप म्हणावयाचें ठरलें.

वाटेंत सिंधचे अमीर होते. सिंधु नदींतून लष्करी सामान न्यावयाचें नाहीं, अशी अट त्यांच्याशीं १८३२ मध्यें झालेल्या तहांत होती. प्रसंग अडचणीचा आहे, सबब ती अट तूर्त बाजूस ठेवावी लागेल, असें त्यांस कळविण्यांत आलें. १८४३ मध्यें सिंध देशच खालसा झाला.

कागदांवरील कात्री

युद्ध सुरू झाल्यावर त्यासंबंधींचे कागदपत्र १८३९ मध्यें छापून पार्लमेंटच्या सभासदांपुढें ठेवण्यांत आले. पण ठेवण्यापूर्वीं त्यांवर कात्री चालली होती. दोस्त महंमदाच्या बाजूनें बर्न्सनें जें जें लिहिलें होतें, त्यांतील महत्त्वाचे भाग गाळले गेले. उरलेल्या मजकुरावरून वाचणारास असें वाटावें कीं, काबूलचा अमीर पहिल्यापासूनच वैरी होता, आणि वकिलाचें मतहि सरकारच्या मताशीं जुळतें होतें. जॉन विल्यम के यानें १८५१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या या युद्धाच्या इतिहासांत ही लबाडी चव्हाट्यावर मांडली. पुरे कागद सरकारनें छापले ते १८५९ मध्यें, म्हणजे वीस वर्षांनीं. मार्च १८६१ मध्यें डनलॉप नांवाच्या सभासदानें चौकशीची मागणी केली, व जॉन ब्राइट यानें तिला जोराचा पाठिंबा दिला. परंतु १८३९ सालीं जो परराष्ट्रमंत्री होता, तो लॉर्ड पामर्स्टन आतां मुख्य प्रधान झाला होता. मागणी फेंटाळली गेली. बर्न्सला आपली बाजू मांडतां येणें शक्य नव्हतें. त्याला मरून वीस वर्षें होत आलीं होतीं.

कारण बदलणें म्हणजे केवळ नवें वाक्य बोलणें नव्हे, हें यावरून ध्यानांत यावें. जुनें कारण ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांचा आवाज दडपावा लागतो, आणि जुन्या कागदांकडून नवा अर्थ वदवून घ्यावा लागतो. अशा वेळीं पहिला घाव बसतो तो लोकांच्या स्मरणशक्तीवर.

किंमत कोणीं दिली?

७ ऑगस्ट १८३९ रोजीं शहा शुजा काबुलांत शिरला. ज्या प्रजेचा तो लाडका म्हणून सांगितलें होतें, ती प्रजा मुकाट्यानें पाहत उभी राहिली. आसन स्थिर होतांच परत यावयाचें सैन्य परत आलें नाहीं. कारण सैन्य निघतांच आसन डळमळेल, हें सर्वांस दिसत होतें. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं काबुलांत उठाव होऊन बर्न्स मारला गेला. २३ डिसेंबरला शहाच्या दरबारांतील इंग्रज वकील मॅक्नॉटन याचा तोच शेवट झाला. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे बर्फांतून जलालाबादेकडे निघाले. १३ जानेवारीस जलालाबादच्या तटावरून एक जखमी स्वार येतांना दिसला. तो डॉक्टर ब्रायडन होता.

हा एकटा स्वार इंग्रजी चित्रांतून व पुस्तकांतून अजरामर झाला. पण जीं सोळा हजारांवर माणसें काबुलाहून निघालीं, त्यांत गोरे शिपाई सातशेंच्या आसपास होते. बाकीचे बहुतेक हिंदी शिपाई, आचारी, भिस्ती, मोतद्दार, उंटवाले, आणि त्यांच्याबरोबरचीं बायकामुलें. कांहीं कैदेंत पडलीं, कांहीं गुलाम म्हणून विकलीं गेलीं, कांहीं हिमदंशानें हातपाय गमावून मागाहून परतलीं. बहुतेक त्या खिंडींतच राहिलीं. त्यांचीं चित्रें कोणी काढलीं नाहींत. सिंधु ओलांडून परमुलुखांत राहिल्यानें आपली जात गेली कीं काय, ही टोंचणी परतलेल्या हिंदु शिपायांस निराळीच होती.

मुंबई इलाख्याची फौजहि सर जॉन कीन याच्या हाताखालीं सिंधच्या वाटेनें या मोहिमेवर गेली होती. २३ जुलै १८३९ रोजीं गझनीचा किल्ला घेतला, त्या लढाईचें नांव पुण्याच्या 'पूना हॉर्स' रिसाल्याच्या मानाच्या लढायांत आजहि आहे. ही फौज बहुतांशीं १८३९ अखेर परत फिरली, म्हणून १८४२ च्या संहारांतून वांचली. मोहिमेचा खर्च मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. हेरात कोणत्या दिशेस आहे हें ज्या कुणब्यास ठाऊक नव्हतें, त्याच्या शेतसाऱ्यांतून त्या वेढ्याची किंमत वसूल झाली. आणि तोहि वेढा कोणता, तर मोहीम निघण्यापूर्वींच उठलेला.

सोमनाथाचे दरवाजे

ऑकलंडच्या जागीं लॉर्ड एलेनबरो आला. सप्टेंबर १८४२ मध्यें इंग्रज सैन्यानें काबूल पुन्हां घेतलें, कैदी सोडविले, तेथील मोठा बाजार उध्वस्त केला व परतीची वाट धरली. नव्या गव्हर्नर जनरलनें आपला जाहीरनामा सिमल्याहूनच काढला, आणि त्यावर तारीख घातली तीहि १ ऑक्टोबरचीच. मध्यें बरोबर चार वर्षें गेलीं होतीं. नाखुष प्रजेवर राजा लादणें हें इंग्रज सरकारच्या धोरणास व तत्त्वांस धरून नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. चार वर्षांपूर्वीं जें अवश्य होतें, तें आतां तत्त्वविरुद्ध ठरलें. मधल्या प्रेतांविषयीं तत्त्व मुकें होतें. शहा शुजा एप्रिलांतच मारला गेला होता. दोस्त महंमद १८४० मध्यें शरण आल्यावर हिंदुस्थानांत ठेवलेला होता. त्याला सोडून देण्यांत आलें, आणि १८४३ मध्यें तो पुन्हां काबूलच्या गादीवर बसला.

मग एवढ्या उपद्व्यापांतून मिळालें काय? उत्तर म्हणून १६ नोव्हेंबर १८४२ रोजीं आणखी एक जाहीरनामा निघाला. गझनीच्या महमुदाच्या कबरीचे दरवाजे सैन्यानें काढून आणले होते. हेच सोमनाथाच्या देवळाचे दरवाजे असें सांगून एलेनबरोनें हिंदी राजेरजवाड्यांस व प्रजेस कळविलें कीं, आठशें वर्षांच्या अपमानाचा सूड उगवला आहे. १८३८ च्या जाहीरनाम्यांत सोमनाथाचें नांवहि नव्हतें. लंडनांत मार्च १८४३ मध्यें याविषयीं निषेधाचा ठराव आला, तेव्हां मेकॉलेनें एलेनबरोची भरसभेंत रेवडी उडविली. ठराव मात्र नापास झाला. दरवाजे चंदनाचे नसून देवदाराचे निघाले, त्यांवर अरबी लेख कोरलेला होता. ते सोमनाथास कधींच पोंचले नाहींत; आग्र्याच्या किल्ल्यांत पडून राहिले.

येथें आपण विशेष सावध व्हावें. रशियाची भीति लंडनकरांसाठीं होती. सोमनाथाचे दरवाजे आपल्यासाठीं होते. मागाहून शोधलेलें कारण नेहमीं ऐकणाऱ्याच्या मापानें बेतलेलें असतें. जें कारण आपल्या कानांस सर्वांत गोड लागतें, आपल्या जुन्या दुःखाला हात घालतें, त्याचीच परीक्षा अधिक कठोरपणें केली पाहिजे.

कारण बदलणें नेहमींच कपट नव्हे

येथें एक शंका रास्तपणें निघेल. परिस्थिति बदलली म्हणजे शहाणा मनुष्य विचार बदलतो. मग राज्यकर्त्यानें कारण बदललें तर त्यांत पाप तें काय? या शंकेस इतिहासांत आधारहि आहे. अब्राहम लिंकन यानें ४ मार्च १८६१ रोजीं अध्यक्षपद स्वीकारतांना सांगितलें कीं, ज्या संस्थानांत गुलामगिरी चालू आहे तेथें तिला हात लावण्याचा आपला हेतु नाहीं. राज्यसंघ अभंग राखणें हेंच आपलें कर्तव्य. पुढच्याच महिन्यांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. आणि १ जानेवारी १८६३ रोजीं त्याच लिंकननें बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. मग त्यालाहि ऑकलंडच्या पंक्तीस बसवावयाचें काय?

मुळींच नाहीं. लिंकनचें पहिलें कारण खोटें ठरलें नव्हतें, संपलेंहि नव्हतें. फुटलेलीं संस्थानें अद्याप फुटलेलींच होतीं. नवें कारण जुन्याच्या शेजारीं आलें, त्याच्या जागीं नव्हे. तें चोरपावलांनीं आलें नाहीं. २२ सप्टेंबर १८६२ रोजीं, तीन महिन्यांहून अधिक आधीं, त्याची जाहीर सूचना दिलेली होती. आणि तें सोयीचेंहि नव्हतें: त्या सूचनेनंतर झालेल्या निवडणुकींत त्याच्या पक्षाच्या कांहीं जागा गेल्या. जबाबदारी वाढविणारें कारण आधीं सांगून येतें. अपयश झांकणारें कारण मागाहून, गुपचूप येतें. दोहोंतील भेद ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं, तारखा तेवढ्या पाहाव्या लागतात.

आपल्या काळांतील उदाहरण

हा सारा कंपनी सरकारच्या वेळचा इतिहास, आतां लोकशाही व वर्तमानपत्रें यांच्या काळांत असें कोठून घडणार, असें कोणी म्हणेल. त्याला इराकच्या युद्धाची आठवण द्यावी. २४ सप्टेंबर २००२ रोजीं ब्रिटिश सरकारनें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तींत इराकपाशीं अशीं संहारक शस्त्रें आहेत कीं त्यांतील कांहीं हुकूम सुटल्यापासून ४५ मिनिटांत वापरतां येतील, असें म्हटलें होतें. ५ फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें चित्रें व ध्वनिफिती मांडून तीच गोष्ट सांगितली. हान्स ब्लिक्स यांच्या हाताखालील तपासनीस नोव्हेंबर २००२ पासून इराकांत शोध घेत होते. त्यांना असा सांठा आढळला नव्हता, आणि त्यांनीं आणखी मुदत मागितली होती. मुदत मिळाली नाहीं. २० मार्च २००३ रोजीं युद्ध सुरू झालें.

शस्त्रें सांपडलीं नाहींत. मग भाषा कशी उतरली तें पाहावें. जानेवारी २००४ च्या भाषणांत अध्यक्ष बुश शस्त्रांच्या सांठ्यांऐवजीं शस्त्रांशीं संबंध असलेल्या कार्यक्रमांतील हालचालींविषयीं बोलूं लागले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकन तपासपथकाचे प्रमुख चार्ल्स डल्फर यांनीं असा सांठा इराकपाशीं नव्हता असा निष्कर्ष दिला. जानेवारी २००५ मध्यें दुसऱ्यांदा शपथ घेतांना बुश यांच्या भाषणाचा सगळा भर जगांत स्वातंत्र्य पसरविण्यावर होता. स्वातंत्र्याचें नांव युद्धापूर्वीं घेतलें गेलें नव्हतें असें नाहीं. पण तेव्हां तें मागच्या ओळींत उभें होतें. पुढची ओळ रिकामी झाल्यावर तें पुढें आलें. जुलै २००६ येवो कीं २०१६, अशा गोष्टींचा झाडा उशिरांच निघतो: सर जॉन चिल्कट यांच्या ब्रिटिश चौकशी समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजीं बाहेर आला, व शांततेचे मार्ग संपण्यापूर्वींच युद्धाचा मार्ग धरला गेला असें त्यांत नमूद झालें. तोंवर सुमारें ४,५०० अमेरिकन सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक मृत्युमुखीं पडले होते.

या प्रकरणांत हिंदुस्थानचा संबंध आला तो १८३८ पेक्षां अगदीं वेगळ्या रीतीनें. एप्रिल २००३ मध्यें आपल्या संसदेनें या युद्धाची निंदा करणारा ठराव केला. पुढें इराकांत सैन्य पाठवावें असा अमेरिकेचा आग्रह झाला, तेव्हां वाजपेयी सरकारनें जुलै २००३ मध्यें, संयुक्त राष्ट्रांची स्पष्ट आज्ञा नाहीं या कारणानें, नकार दिला. १८३८ सालीं हिंदी शिपायाला किंवा हिंदी करदात्याला कोणी विचारलें नव्हतें. २००३ सालीं विचारावें लागलें, आणि नकार देतां आला. स्वराज्याचे पुष्कळ लाभ सांगतात. हा त्यांतला लहान नव्हे.

परंतु विचारलें जाण्याचा हक्क मिळाला म्हणजे विचार करण्याचें कर्तव्यहि आलें. उद्यां कोणतेंहि सरकार, परक्याचें असो वा आपलें, युद्धाची भाषा बोलूं लागलें, तर घरांत वर्तमानपत्र वाचतांना तीन प्रश्न विचारावे. आज जें कारण सांगतात तें नक्की काय आहे? तें कारण उद्यां नाहींसें झालें तर युद्धहि थांबेल काय? आणि त्याची किंमत सांगणाराच्या घरांतून जाणार आहे, कीं दुसऱ्याच्या? युद्ध केव्हांच न्याय्य नसतें असें आमचें म्हणणें नाहीं. जें युद्ध न्याय्य असेल, तें या तीन प्रश्नांस भिणार नाहीं.

आपल्या कुटुंबांतून हें काम अवघड नाहीं. भाऊबंदकीच्या तंट्यांत प्रथम भिंतीचा वाद असतो, भिंत सुटली म्हणजे विहिरीचा होतो, आणि विहीरहि सुटली म्हणजे घराण्याच्या अब्रूचा होतो. हें आपण पाहत आलों आहों, आणि 'मूळ भांडण कशाचें होतें?' असें विचारणारी एखादी वृद्ध आजी घरांत असली तर तंटा कसा मिटतो, हेंहि पाहिलें आहे. राष्ट्राच्या घरांत ती आजी म्हणजे सुशिक्षित नागरिक होय. आपल्यांपैकीं पुष्कळ घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळच्या जमाखर्चाच्या वह्या जपून ठेवलेल्या असतात. कोणाचें किती देणें होतें हें त्यांत तारीखवार सांपडतें. तशीच एक वही घरच्या मुलांच्या हातीं द्यावी. युद्धाची बातमी येईल त्या दिवशीं सांगितलेलें कारण त्यांनीं तींत तारखेसह लिहून ठेवावें, आणि सहा महिन्यांनीं तें पान उघडून मोठ्यांना वाचून दाखवावें.